आधी बाकावर बस

चि. बाय,

काल तुझ्या आईचा फोन आला. जेवायला बसलीस तरी मोबाइल हातातून सुटत नाही म्हणे, दर तासाला इंजिनिअरिंगची प्रतीक्षा यादी उघडून बघतेस. बीएस्सीची फी भरलीय, पण कॉलेजला पाऊल टाकलेलं नाहीस. 'नंबर लागला की सोडायचंच आहे, मग जाऊन काय करू?' त्या एका वाक्यासाठी हे पत्र. तू हुशार आहेस वगैरे सांगायला घरात माणसं पुष्कळ आहेत.

नंबर लागेल का, हे मला विचारू नकोस. पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयात बसलेल्यालाही ते सांगता येणार नाही, कारण यादी तो हलवत नाही. ती हलवतात फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा धरून आयआयटी-एनआयटीकडे डोळे लावून बसलेली मुलं. आधी त्यांच्या प्रवेशासाठी जोसाच्या फेऱ्या, मग एनआयटीच्या उरलेल्या जागांसाठी सीसॅबच्या खास फेऱ्या. तिकडे कुणाला सुरत नाहीतर सुरतकल मिळालं आणि त्याने इथली जागा सोडली, की इकडे एक नाव वर सरकतं. कुठल्या तरी अनोळखी पोराचं त्याच्या घरी काय ठरतं, त्यावर तुझा नंबर. तू मोबाइल घासून काय होणार?

तुझ्या हातात आहे तो बीएस्सीचा बाक. त्यावर जाऊन बस.

1986 साली फर्मागुडीच्याच यादीत मी अकरावा होतो. यादी म्हणजे नोटीस बोर्डावरचा टाइप केलेला कागद. बीएस्सीला नाव घातलेलं, पण मी वर्गात न जाता डिचोलीहून कदंबची बस पकडायचो, फोंड्याला जाऊन तो कागद बघायचो आणि परत यायचो. भिजत जायचं, भिजत यायचं. जुलै गेला, ऑगस्ट गेला. गणेशचवथीच्या आदल्या दिवशी बाबांबरोबर गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला बाजारात गेलो, तिथे वर्गातला एक जण भेटला. म्हणाला, लिमिट्स संपलं, डेरिव्हेटिव्ह निम्मं झालं. मी तिथेच गार. ते आठ आठवडे मला कधीच भरून काढता आले नाहीत. त्या वर्षी गणितात जेमतेम सुटलो, म्हणून केमिस्ट्रीकडे वळलो. आवडीने वळलो असं मी सगळ्यांना सांगतो, ते सोड. कॅल्क्युलस इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षालाही असतंच गं! इथे शिकलीस तर तिथे कामाला येईल. बाकावर बस.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. माझा नंबर लागला होता. चवथ झाल्यावर फर्मागुडीहून कार्ड आलं, तीन दिवसांत हजर व्हा. मी गेलो नाही. तोवर ईर्ष्येने पहिल्या बाकावर बसायला लागलो होतो, आणि ज्या कागदाने दोन महिने दारोदार फिरवलं त्याने बोलावल्यावर धावत जायचं नाही, असं डोक्यात बसलं. वेडेपणा म्हण हवं तर. पण कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली, घर बांधलं, कुणापुढे हात पसरला नाही. चुकलो असं मी आजही म्हणत नाही. बाबांना सांगायला हवं होतं, तेवढं खरं. ते कार्ड मी पेटीत तळाला घातलं, आणि बाबा दिवाळीपर्यंत पोस्टमनला विचारत राहिले.

तू माझ्यासारखं करू नकोस. नंबर लागला तर सरळ जा, तुला कॉम्प्युटरच करायचंय. गुणपत्रिका, रहिवासी दाखला, फोटो एका फाइलीत घालून ठेव. मूळ दाखले कॉलेजने अडकवून ठेवायचे नाहीत, असं यूजीसीने 2018 मध्येच बजावलंय. जागा सोडल्यास फी कुठल्या तारखेपर्यंत परत मिळते, ते नियमांत वाच. अर्ध्या तासाचं काम आहे, दोन महिन्यांचं नव्हे. यादी दिवसातून एकदा बघायची, तीही आईने, संध्याकाळी. तू त्या वेळी वही घेऊन बस.

सोमवारी पहिलं लेक्चर कशाचं झालं, ते रात्री मला फोन करून सांग. 'गेले नाही' हे ऐकायला मी फोन उचलणार नाही.

तुझा,
मामा

ता. क. कार्डाचं आईला सांगू नकोस. तिलाही ठाऊक नाही.