जूनचं पान

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. मला मोबाईलवर इतकं टिपत बसणं जमत नाही, म्हणून वहीचं पान फाडलं. तुझ्या भावाच्या हाती पाठवते.

मृग लागून पाच दिवस झाले. आभाळ भरून येतं आणि तसंच निघून जातं. तुझे बाबा धुऱ्यावर बसून वर पाहत असतील. अशा दिवसांत तू त्यांच्याजवळ नर्सिंगच्या प्रवेशाचं काढलंस आणि ते म्हणाले, "यंदा राहू दे वं, पुढल्या साली पाहू." तू लिहितेस, घरात पैसाच नाही. मला ते अर्धंच खरं वाटतं. पैसा जूनमध्ये नाही.

तेवीस वर्षं मी बचत गटांची सहयोगिनी होते. किती गटांची रजिस्टरं तपासली असतील, मोजदाद नाही. कोणतंही रजिस्टर उघड, जूनचं पान कर्जानं भरलेलं. बियाणं, खत, पोरांच्या वह्या, सासूचं दुखणं. डिसेंबरचं पान काढ, सगळी परतफेड. बाया त्याच, घरं तीच. त्यामुळे कुणी एखाद्या घराला गरीब म्हटलं की मी विचारते, कोणत्या महिन्यात? पोळ्याला त्या घराची हालत वेगळी आणि संक्रांतीला वेगळी.

आपल्याकडे कापूस जूनमध्ये पेरायचा आणि पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या आगेमागे. मधले चार-पाच महिने घर उधारीवर चालतं. कृषी केंद्रातली उधारीची पिशवी रोखीच्या पिशवीपेक्षा महाग पडते, आणि तिची फेड पहिल्या वेच्यातूनच करायची असते. मग दिवाळीत खेडा खरेदीवाला गाडी घेऊन दारात येतो, मूठभर कापूस दाबून म्हणतो ओल आहे, भाव पाडतो. बापाला कळत नाही असं थोडंच आहे! पण खरेदीवाला पैसा लगेच हातावर ठेवतो. ज्या घरात दहा-पंधरा हजार बाजूला आहेत, ते घर कापूस वाळवून महिनाभर थांबतं आणि बाजार पाहून विकतं. बचतीचं व्याज कितीसं येतं? तिचा खरा उपयोग हा, थांबता येतं.

मी स्वतः १९८४ साली दहावी झाले. माझा बाप सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा गडी होता. पाडव्याला साल ठरलं तेव्हाच उचल घेतलेली, ती जूनपर्यंत संपलेली. तालुक्याला कॉलेजात नाव घालायला फार पैसे लागणार नव्हते, पण जेवढे लागणार होते तेवढे जूनमध्ये नव्हते. "पुढल्या साली" असं माझा बापही म्हणाला होता. पुढल्या साली माझं लग्न झालं. बापाला मी दोष देत नाही, पण ते दोन शब्द ऐकले की अजून पोटात काहीतरी हलतं. म्हणून तुला घाईनं लिहिते आहे.

आता तुझं. प्रवेश सीईटीतून, सरकारी प्रवेशफेरीतून घे. कुणी एजंट येईल, सांगेल की मॅनेजमेंटच्या कोट्यातून जागा करून देतो, त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या तुमच्यासारख्या ओबीसी घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण त्यासाठी प्रवेश फेरीतूनच झालेला लागतो. वीसेक वर्षांपूर्वी आपल्याकडे शिक्षक व्हायला डी.एड. करायची लाट आली होती. लोकांनी एकर-दोन एकर वावर विकून डोनेशन भरलं आणि पुढे भरतीच थांबली. ती पोरं आज कुठे कुठे काय करतात, मला माहीत आहे. शिक्षणानं घर वर येतं हे मी मानते, पण कोणतं शिक्षण आणि किती उधार काढून, हे विचारल्याशिवाय नाही. गाडगेबाबा सांगायचे, जेवायचं ताट विका पण पोराला शिकवा. तेच बाबा कर्ज काढू नका असंही कीर्तनात घसा कोरडा होईपर्यंत सांगायचे. लोकांनी सोयीनं कधी हे धरलं, कधी ते.

फी माफ झाली तरी खोलीची अनामत, खानावळ, पुस्तकं, गणवेश हे राहतंच. मी मांडून पाहिलं, सुरुवातीला पंचवीस हजारांच्या आसपास लागतील. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्ज कर. मात्र ते पैसे आज अर्ज केला आणि उद्या आले असं होत नाही. शिष्यवृत्ती येते तेव्हा वर्ष सरत आलेलं असतं. म्हणून तिच्या भरवशावर खानावळवाल्याला शब्द देऊ नकोस. मधल्या काळासाठी तुझ्या आईच्या गटातून कर्ज काढायचं. व्याज शेकडा दोन आहे महिन्याला, हे काही स्वस्त नाही, पण ते व्याज गटातच, म्हणजे तुझ्या आईच्याही वाट्याला येतं. आणि फेड डिसेंबरमध्ये, दुसऱ्या वेच्यातून. तुझ्या बाबांना असं महिने घालून सांग. नुसतं "पैसे लागतील" म्हटलं की माणूस घाबरतो.

कागद. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमिलेअर यासाठी उद्याच सेतूवर जा. खरं तर हे काम एप्रिलचं. दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून नवं वर्ष लागलं की लगेच काढायचा. जूनमध्ये रांग पार रस्त्यावर येते. आणि तुझं आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बँकेत विचार. सरकारी पैसा आधारला जोडलेल्या खात्यात पडतो, हातात पासबुक कोणतं आहे याला किंमत नाही. लाडक्या बहिणीच्या वेळी कितीतरी बाया पैसेच आले नाहीत म्हणून रडत माझ्याकडे आल्या. पैसे आले होते, कधीकाळी उघडून विसरलेल्या खात्यात.

लाडक्या बहिणीच्या त्या महिन्याच्या १,५०० रुपयांवरून गावात बरंच बोललं जातं. बायांनी उडवले, साड्या घेतल्या. मी पाहिलं ते असं की बहुतेकींनी आधी वाण्याची उधारी फेडली. ही बचत नाही का? उधारीच्या तेलाला वाणी चार पैसे जास्त लावतो, ते वाचले. तुझ्या आजीचे श्रावणबाळ पेन्शनचे १,५०० येतात, तेही घरातल्या मिठामिरचीत जातात, म्हणून आजीचा घरात शब्द चालतो. माझी माय बहात्तरच्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. त्याच कामांतून पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. ती म्हणायची, मजुरी थोडीच होती पण उन्हाळ्यात होती. पैसा कधी येतो हे अडाणी बाईला बरोबर कळत होतं, योजना आखणाऱ्यांना ते अजून नेहमी कळतंच असं नाही.

एक गोष्ट मला सांगायची नव्हती, पण सांगते. २०१६ साली मी गटातल्या सगळ्या बायांचे आणि त्यांच्या नवऱ्यांचे अपघात विम्याचे फॉर्म मोठ्या हौसेनं भरून घेतले. तेव्हा वर्षाला १२ रुपये हप्ता होता, विमा दोन लाखांचा. पुढच्या जुलैत एका बाईचा नवरा दुसऱ्याच्या वावरात डवरणी करताना साप चावून गेला. सालदार माणूस, नावावर गुंठाभर जमीन नाही. कागद काढले तर त्या वर्षीचा हप्ता कापलाच गेला नव्हता. तो मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून कापतात, आणि त्या आठवड्यात त्याच्या खात्यात बारा रुपये नव्हते. मी फॉर्म भरून मोकळी झाले होते, मे महिन्यात एकदा विचारायला गेले नाही. त्या बाईनं मला कधी काही म्हटलं नाही. आता हप्ता २० रुपये आहे, आयुर्विम्याचा ४३६. बाबांचं पासबुक छापून आण, यंदा कापलेत का बघ. नसतील कापले तर बँकेत पुन्हा नाव घाल.

बाकी तुझ्या धाकट्या भावासाठी. तो आता सातवीत आहे. पोस्टात पाच वर्षांचं आवर्ती खातं काढा. महिन्याला ५०० भरले तर आजच्या दरानं शेवटी पस्तीस हजारांच्या वर हातात येतात आणि तो तेव्हा बारावीत गेलेला असेल. दर महिन्याला भरणं कापसाच्या घराला जमत नाही, मला माहीत आहे. पण त्यात सहा महिन्यांचे हप्ते एकदम आगाऊ भरता येतात आणि त्यावर थोडी सूटही मिळते. कापूस विकला की पुढचे सहा भरून टाकायचे. आणि पुढल्या वर्षी तो आठवीत गेला की त्याला एनएमएमएसच्या, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसव. लागला तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात.

रविवारी दुपारी तुझ्या आईच्या गटाची बैठक आहे, मारुतीच्या पारावर. मीही येते आहे. तू येताना प्रवेशाचे कागद, आधार आणि बाबांचं पासबुक घेऊन ये. जमलं तर बाबांनाही आण. त्यांना म्हणावं, ताईनं रजिस्टर दाखवायला बोलावलंय.

तुझी,
ताई