नेत्रिकेत दिसते, कॅमेऱ्यात का नाही?

प्रश्न : दुर्बिणीच्या नेत्रिकेतून (डोळा लावण्याच्या भिंगातून) गुरू ग्रह स्पष्ट दिसतो, परंतु तिच्या जागी कॅमेरा लावला की पडदा काळाच राहतो. दोष कशात असावा?

उत्तर : बहुधा दोन दोष एकत्र आले आहेत. नेत्रिकेसाठी साधलेला फोकस कॅमेऱ्याच्या संवेदकाला (प्रकाश टिपणाऱ्या भागाला) सहसा चालत नाही, आणि फोकस फार ढळल्यास प्रकाश इतका पसरतो की ग्रह चौकटीत असूनही जाणवत नाही. शिवाय लहान संवेदकाची चौकट अरुंद असल्याने शोधक दुर्बीण (नेम धरण्यासाठी मुख्य दुर्बिणीवर बसवलेली छोटी दुर्बीण) किंचित ढळलेली असली तरी ग्रह बाहेर राहतो. म्हणून दिवसा दूरच्या मनोऱ्याचे टोक मुख्य दुर्बिणीत मध्यावर आणून, तेच टोक शोधकातही मध्यावर दिसेल असे शोधकाचे स्क्रू जुळवावेत (सूर्याकडे मात्र चुकूनही रोखू नये). रात्री फोकस प्रथम चंद्रावर साधावा. न्यूटनीय (आरशाच्या) दुर्बिणीत फोकसर (फोकस साधण्यासाठी आत-बाहेर सरकणारी नळी) पूर्ण आत नेऊनही प्रतिमा रेखीव होत नसेल, तर बार्लो भिंग (कॅमेऱ्याच्या पुढे बसवायचे, फोकस बाहेर ढकलणारे भिंग) वापरावे.