वाचकांचे प्रश्न : हिशोबाच्या कामात नव्याने येताना

प्रश्न : बरीच वर्षे शाळेत गणित शिकवले. आता अकाउंटन्सीचा कोर्स करून पाच जणांच्या छोट्या फर्ममध्ये लागले आहे. ओळखीचे सांगतात, मोठ्या फर्मचा शिक्का लागल्याशिवाय काही खरे नाही. इथे किती काळ राहावे?

उत्तर : दोन वर्षअखेरी पार पडेपर्यंत राहा. पहिल्या वर्षअखेरीला नवा माणूस मागच्या वर्षाची फाइल समोर ठेवून तशीच नवी करतो. घसारा (वापराने मालमत्तेच्या किमतीत होणारी घट) याच दराने का, अमुक तरतूद कशासाठी, हे न कळताही काम उरकते. दुसऱ्या वर्षी मात्र सुरुवातीच्या शिलका तुमच्याच हातच्या असतात आणि चुका उघड्या पडतात. समजा, शेवटच्या महिन्याचे विजेचे बिल तुम्ही खर्चात धरून देणे म्हणून दाखवले. नव्या वर्षात पैसे गेले तेव्हा ते देणे मिटवायला हवे होते, पण रक्कम पुन्हा वीजखर्चातच टाकली गेली. खर्च दोनदा लागला, आणि वर्षभरापूर्वीच चुकते झालेले देणे ताळेबंदात अजून लोंबकळते आहे. असे एक खाते स्वतः उकलून दुरुस्त केले की अखेरच्या एंट्र्या कशासाठी असतात ते पक्के होते.

मोठ्या फर्ममध्ये तपासणीची शिस्त चांगली लागते, हे खरे. पण तिथे पूर्ण हंगाम एकाच कंपनीची येणी तपासण्यात जाऊ शकतो. छोट्या फर्ममध्ये व्हाउचरपासून ताळेबंदापर्यंत सगळे हाताखालून जाते. अर्थात, तुम्हाला जाऊ दिले तर. म्हणून एक लहानसा क्लायंट पूर्णपणे मागून घ्या आणि महिनाअखेरीला क्रम ठरवून टाका. आधी बँक जुळवा, कारण ऑफिसबाहेरून आलेला सगळ्यात भक्कम पुरावा तोच. मग येणी-देणी पार्टीवार लावून त्यांची बेरीज मुख्य खात्याशी ताडून पाहा. त्यानंतर द्यायचे राहिलेले आणि आगाऊ दिलेले खर्च, मग घसारा. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिलका जुळवून पाहण्याची यादी, शेवटी.

बँक जुळवताना घाई करू नका. उताऱ्यावर शिल्लक ४८,६५०. तुम्ही भरलेला पण अजून न चढलेला चेक ६,२००, तो मिळवा. दिलेले पण न वटलेले चेक ९,४५०, ते वजा करा. आले ४५,४००. पुस्तकात ४५,७५० दिसत असतील तर ३५० कुठे गेले? बहुधा बँकेने कापलेले शुल्क. पण उताऱ्यावर ती ओळ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एंट्री टाकू नका. ‘किरकोळ खर्च’ टाकून फरक मिटवण्याची सवय एकदा लागली की सुटत नाही. आणि कित्येक महिने न वटलेला चेक प्रत्येक यादीत निमूटपणे पुढे ओढत नेऊ नका; ज्याच्या नावाने काढला त्याला विचारा.

फर्म सोडण्याचे खरे कारण एकच : तुमचे काम कोणी तपासत नसेल. तुमची फाइल दरवेळी एकाही शेऱ्याविना परत येत असेल तर ती कोणी उघडलेलीच नाही, असे खुशाल समजा. आणखी एक. पुढे व्यावसायिक परीक्षा द्यायची असेल, तर इथला अनुभव ती परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे धरला जातो का, हे आताच लेखी विचारून घ्या.

प्रश्न : सरावात तेरीज ९० ने चुकते. शोधायचे कुठून?

उत्तर : फरकाला ९ ने भाग जातो, म्हणजे आधी अंकांची अदलाबदल शोधा : ५४० चे ४५० झाले असतील. किंवा शून्य वाढले असेल, १० चे १००. नाही सापडले तर फरकाची निम्मी रक्कम पाहा. ४५ ची नोंद नावेऐवजी जमेला गेली असेल. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये हा फरक सहसा दिसणार नाही, कारण ते एकतर्फी एंट्री घेतच नाही. म्हणून तिथली तेरीज जुळली याचा फार आनंद मानू नका. यंत्राची दुरुस्ती खर्चाऐवजी यंत्राच्याच खात्यात गेली किंवा एखादे बिल मुळात नोंदवलेच नाही, तरी ती जुळतेच.

प्रश्न : आमच्या छोट्या ऑफिसात चेक मीच लिहिते, नोंद मीच करते, बँकही मीच जुळवते. यात काही गैर आहे का?

उत्तर : गैर तुमचे नाही, पण पैसे कमी पडले तर पहिला संशय तुमच्यावरच येईल. माणसे कमी असतील तर निदान एवढे करून घ्या : बँकेचा उतारा महिन्याला आधी मालकांनी पाहावा, प्रत्येक चेकवर त्यांनीच बिल समोर ठेवून सही करावी, आणि कोऱ्या चेकवर आगाऊ सही करून ठेवणे बंद करावे. जुळवणीच्या कागदावरही त्यांची तारखेसह सही घ्या.