जिप्सममधलं पाणी

सप्रेम आशीर्वाद.

जिप्समचे गुणधर्म पाठ आहेत, पण खडकात ते ओळखू येत नाही, असं तू लिहिलंस. मग आधी नख लाव. खनिजांची कठिनता 1 ते 10 अशी मोजणाऱ्या मोहच्या मापनश्रेणीत जिप्समची कठिनता 2 आहे. त्यावर नखाने ओरखडा उठतो, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या कॅल्साइटवर (कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजावर) उठत नाही. तरी शंका राहिली तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाक. कॅल्साइट फसफसतं, जिप्सम फसफसत नाही. सेलेनाइटचा, म्हणजे जिप्समच्याच स्वच्छ स्फटिकाचा, पारदर्शक तुकडा मिळाला तर त्याचा पातळ पापुद्रा सोलून वाकवून बघ. तो वाकतो, पण अभ्रकासारखा पुन्हा सरळ होत नाही.

एवढ्याने नाव कळेल. मला मात्र तुझं लक्ष त्यातल्या पाण्याकडे न्यायचं आहे, कारण या खनिजाचा सगळा स्वभाव तिथून येतो. जिप्सम म्हणजे पाणी धरून असलेलं कॅल्शियम सल्फेट. त्याच्या वजनात सुमारे 21 टक्के पाणी असतं, आणि ते भेगांत साठलेलं नसून स्फटिकाच्या रचनेतच थराथराने बसलेलं असतं. हे थर एकमेकांना सैल धरून असतात, म्हणून त्याचं पाटन, म्हणजे सपाट पापुद्र्यांत सुटणं, इतकं सुरेख. तेच कॅल्शियम सल्फेट पाण्याविना असेल तर ते ॲनहायड्राइट: कठिनता 3 ते 3.5, आणि हातालाही स्पष्ट जड लागतं.

ही दोन्ही खनिजं एकमेकांत बदलतात. समुद्राचं पाणी आटताना आधी कार्बोनेट, मग जिप्सम आणि त्यानंतर मीठ बाहेर पडतं. हे थर खोल गाडले गेले की उष्णतेने जिप्सममधलं पाणी निघून जातं. पुढे खडक वर येऊन भूजल पोचलं की ॲनहायड्राइट पाणी घेऊन फुगतं. आकारमान 60 टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. जर्मनीतल्या श्टाउफेन गावात 2007 मध्ये जमिनीतली उष्णता वापरण्यासाठी भूऔष्णिक विहिरी खोदल्यावर हेच झालं. पाणी ॲनहायड्राइटच्या थरात शिरलं, जमीन वर उचलली गेली आणि कितीतरी घरांच्या भिंती तडकल्या. बांधकामाच्या जागेचा अहवाल लिहायची वेळ येईल तेव्हा ‘सल्फेट आहे’ एवढंच लिहून थांबू नकोस. कोणतं आहे ते लिही.

याच बदलाचं सर्वांत देखणं रूप मेक्सिकोतल्या नाइका खाणीतल्या एका गुहेत आहे. सुमारे 300 मीटर खोलीवरची ही गुहा 2000 साली सापडली. तिथे सेलेनाइटचे 11 मीटरपर्यंत लांबीचे स्फटिक आहेत. सुमारे 58 अंश सेल्सिअसच्या वर ॲनहायड्राइट टिकतं, खाली जिप्सम; गुहेत भरलेलं पाणी दीर्घकाळ त्याच्या किंचित खाली राहिलं. त्या तापमानाला ॲनहायड्राइट हळूहळू विरघळत होतं आणि जिप्सम तितक्याच हळू जमत होतं. नवे स्फटिक क्वचितच सुरू होत, त्यामुळे होते तेच वाढत गेले. इतक्या प्रचंड गोष्टीमागे तापमानाचा एवढासा फरक असावा, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आणखी एक, कारण तू आता नमुने वाळवायला घेशील. मातीची ओल मोजताना भट्टी नेहमी 105 अंशांवर ठेवतात. जिप्सम असलेल्या मातीला ते तापमान चालत नाही. स्फटिकातलं पाणीही उडतं आणि ओल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. भट्टी 50 अंशांच्या आसपास ठेव, वजन स्थिर होईपर्यंत थांब, आणि वापरलेलं तापमान वहीत आकड्याशेजारीच नोंदव.