मे महिन्याचा वायदा, ऑगस्टमधली खोली

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. पाच वर्षांपूर्वी नाशिकच्या एका मॉलमध्ये आमच्याकडून कूपन भरून घेतलं. मग "तुम्हाला गिफ्ट लागलंय, नवरा-बायको दोघंही या" असा फोन आला आणि एका हॉटेलच्या हॉलमध्ये तीन तास बसवून आम्हाला टाइमशेअरची मेंबरशिप दिली. २५ वर्षं, दरवर्षी सात रात्री, 'लाल' हंगाम, म्हणजे मे महिना आणि दिवाळीसुद्धा. किंमत ४ लाख २० हजार, वर १८ टक्के जीएसटी. हप्ते फिटले. शिवाय दरवर्षी देखभाल शुल्क, यंदा १८ हजार अधिक जीएसटी.

मे महिन्याचं बुकिंग आजवर एकदाही मिळालं नाही. जानेवारीत विचारलं तरी 'फुल'. मध्ये एका पावसाळ्यात इगतपुरीला दोन रात्री दिल्या; नाशिककराला इगतपुरीचं काय कौतुक! यंदा ऑगस्टमध्ये महाबळेश्वरजवळच्या रिसॉर्टवर चार रात्री मिळाल्या. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत, तळमजला द्या, असं मी आधी ईमेलने कळवलं होतं. 'नोटेड' असं उत्तरही आलं होतं. प्रत्यक्षात खोली दिली ती उतारावर, रिसेप्शनपासून साठेक पायऱ्या खाली. करारात बेडरूम, हॉल आणि छोटं किचन आहे. मिळाली एकच खोली आणि जमिनीवर टाकायला एक जादा गादी, तीही ओली. पलंगामागची भिंत बुरशीने काळी. धाकट्याला दमा आहे, दुसऱ्या रात्री नेब्युलायझर लावावा लागला. किचन नसल्यामुळे सासूबाईंना साधा मऊ भात करून देता आला नाही. त्या दिवसातून एकदाच जेवायला वर यायच्या, पायऱ्यांवर बसत बसत.

मॅनेजर म्हणाले, "हिल स्टेशन आहे मॅडम, पावसाळ्यात असंच असतं." निघायच्या आदल्या दिवशी 'मेंबर मीटिंग'ला बोलावून सांगितलं, आणखी दोन लाख भरून वरच्या श्रेणीत या, मग मे नक्की मिळेल. घरी आल्यावर ईमेल केली तर माफी आणि पाच हजारांचं व्हाउचर आलं. हे म्हणतात, सोडून दे. मला सोडवत नाही. पैसे परत मिळतील का? पुढच्या वर्षीचं शुल्क भरू की नको?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सोडून देऊ नका. सासूबाईंच्या त्या पायऱ्यांपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या सगळ्या गाऱ्हाण्यांत कायद्याच्या दृष्टीने तेच सर्वांत भक्कम आहे. तुम्ही लेखी कळवलंत, त्यांनी लेखी होकार दिला आणि तरी उतारावरची खोली दिली. यात पावसाचा काहीही संबंध नाही. वरच्या खोल्या त्या दिवशी कुणाला दिल्या, हे त्यांच्या रजिस्टरमध्ये असतंच, आणि ग्राहक आयोगासमोर ते मागता येतं. वयाने थकलेल्या बाईला जेवायसाठी बसत बसत पायऱ्या चढाव्या लागल्या, हे वाचून मला फार वाईट वाटलं. तक्रारीत हा प्रसंग 'गैरसोय' या एका शब्दात उरकू नका. तुम्ही मला लिहिलंत तसाच सविस्तर लिहा.

आता मॅनेजरच्या उत्तराबद्दल. मी वाईची. पसरणीचा घाट आणि त्यावरचा पाऊस लहानपणापासून बघत आलेय. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर आहे. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ऑगस्टमध्ये आर्थर सीटवरून दरी दिसली नाही, कपडे वाळले नाहीत, कपाट उघडलं की कुबट वास आला, तर तो डोंगराचा स्वभाव झाला. त्याचे पैसे कुणाकडे मागू नका. मागितले तर बाकीची खरी तक्रारही हलकी होते. पण हा पाऊस तिथे नवा नाही. त्या भागातले लोक पूर्वी पावसाळ्याआधी घरांना गवताच्या झड्या बांधत, भिंती ओल्या होऊ देत नसत. आज तर हवेतली ओल शोषणारी यंत्रं मिळतात, बुरशी धरू न देणारे रंग मिळतात, गाद्या बदलता येतात. बारा महिने खोल्या देण्याचा धंदा ज्याने त्या माथ्यावर मांडला, त्याने या ओलीची तजवीज आधी करायची असते. देखभाल शुल्क तुम्ही त्याचसाठी भरता. दम्याच्या मुलाला काळ्या भिंतीशेजारी झोपवणं हा हवामानाचा दोष नाही.

मे महिन्याची गोष्ट याहून मोठी आहे. टाइमशेअरची पद्धत १९६०च्या दशकात युरोपात, फ्रान्सच्या आल्प्समधल्या स्कीइंगच्या गावातून सुरू झाली असं मानतात. एक घर, वर्षाचे आठवडे वाटून घेतलेले, आणि तुमचा आठवडा तो तुमचाच. आपल्याकडे आता बहुतेक ठिकाणी असा ठरावीक आठवडा मिळत नाही. विकला जातो तो बुकिंग मागण्याचा हक्क, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात 'उपलब्धतेनुसार' असं छापलेलं असतं. हॉलमध्ये बोलणारा मुलगा हा शब्द उच्चारत नाही. म्हणून करार काढा आणि दोन गोष्टी शोधा. लाल हंगामाची व्याख्या काय, आणि बुकिंग किती महिने आधी उघडतं, तेही सगळ्या श्रेणींना एकाच दिवशी की वरच्यांना आधी. 'उपलब्धतेनुसार' लिहिलंय म्हणून हात टेकू नका. सतत पाच वर्षं एकही मे उपलब्ध होत नसेल, तर तो शब्द कंपनीला तारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'पायोनिअर अर्बन लँड'च्या खटल्यात म्हटलं होतं की, ग्राहकाला सही करण्यावाचून पर्यायच नव्हता अशा करारातल्या एकतर्फी अटी त्याच्यावर बंधनकारक धरता येत नाहीत. खटला फ्लॅटचा होता, पण तत्त्व तुमच्याही उपयोगाचं आहे.

आणि ती 'मेंबर मीटिंग'! दोन लाख भरले की मे मिळतो, याचा अर्थ मेमध्ये खोल्या आहेत. मग तुम्हाला दरवर्षी 'फुल' का सांगितलं? हे तोंडी राहू देऊ नका. आजच कंपनीला ईमेल करा : "अमुक तारखेला तुमच्या रिसॉर्टवर तुमच्या प्रतिनिधीने असं सांगितलं. माझ्या श्रेणीसाठी गेल्या पाच वर्षांत मेमधल्या किती खोल्या खुल्या होत्या, ते कळवा." उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं, तर ते मौनही आयोगाला दाखवता येतं.

तुमच्या ह्यांना एक हिशेब दाखवा. जीएसटी धरून मेंबरशिप ४ लाख ९५ हजार ६०० ची झाली. २५ ने भागलं की वर्षाला १९ हजार ८२४. त्यात यंदाचं शुल्क करासह २१ हजार २४० मिळवा. एकूण ४१ हजार ६४. साती रात्री मिळाल्या असत्या तरी एक रात्र ५ हजार ८६६ रुपयांना पडते, जेवणाखाण्याशिवाय. तुम्हाला यंदा चारच मिळाल्या, म्हणजे रात्रीला दहा हजारांच्या वर. आणि करारात शुल्क वाढवायची मुभा कंपनीला असेल, तर पुढे हा आकडा चढतच जाणार. एवढे पैसे ओल्या गादीवर सोडून द्यायचे का?

तक्रार कुठे करायची? नाशिकलाच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येतं. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, रिसॉर्ट साताऱ्यात असो. 'वाद अमुक शहरात लवादापुढेच' असं कलम करारात बहुधा असेलच. त्याने ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 'एमार एमजीएफ' प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी पाच लाखांपर्यंत काहीच नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. वार्षिक शुल्कं धरून तुमची रक्कम पाच लाखांपुढे जाते, तेव्हा २०० भरा. वकील लावलाच पाहिजे असं नाही. अर्ज 'ई-जागृती' पोर्टलवर घरबसल्या करता येतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कधीकधी तिथेच कंपनी बोलायला येते.

एक बारकावा सांगते, ग्राहक मार्गदर्शन केंद्रात बसताना तो मी अनेकांना सांगत आलेय. तक्रारीचा गाभा 'सेवेतली त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' असा ठेवा. 'करारच अन्यायकारक आहे, तो रद्दबातल ठरवा' अशी मुख्य मागणी केलीत, तर अन्याय्य कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार या कायद्याने राज्य आयोगाला दिलाय, जिल्ह्याला नाही. आणि मग जिल्हा आयोग सोडून राज्य आयोगाच्या फेऱ्या नशिबी येतात.

मुदत दोन वर्षांची आहे. कंपनी म्हणेल, सही पाच वर्षांपूर्वीची, आता उशीर झाला. म्हणून हॉलमधल्या आश्वासनांवर सगळा भार टाकू नका. यंदाचा मुक्काम आणि बुकिंगचे अलीकडचे नकार पुढे ठेवा. पुढच्या मेसाठी आताच लेखी मागणी करा. नकार आला तर तो ताजा पुरावा.

पूर्ण रक्कम परत मिळेल, असं आश्वासन मी देणार नाही. तुम्ही इगतपुरीला आणि महाबळेश्वरला राहिलात, हे कंपनी मांडेलच. मुख्य मागणी म्हणून मेंबरशिप संपवून उरलेल्या २० वर्षांची प्रमाणशीर रक्कम मागा, ती ३ लाख ९६ हजार ४८० होते. त्याशिवाय यंदाचं शुल्क, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. हे मान्य नसेल तर हुकलेल्या मे महिन्यांच्या बदल्यात ठरावीक तारखांचे आठवडे द्यावेत, अशी पर्यायी मागणी त्याच अर्जात करता येते. ते व्हाउचर मात्र वापरू नका. 'तडजोड झाली' असं म्हणायला त्यांना जागा मिळेल.

शुल्काचं विचारलंत. एकाएकी थांबवू नका. थकबाकीदार मेंबर म्हटलं की कंपनी बुकिंग बंद करते, व्याज लावते आणि आयोगापुढे बोट तुमच्याकडे वळवते. भरताना ईमेल करा, "माझे हक्क राखून, निषेध नोंदवून ही रक्कम भरत आहे." तक्रार दाखल झाली की पुढचं शुल्क तात्पुरतं थांबवण्याची विनंती अंतरिम अर्जाने आयोगालाच करता येते.

भिंतीचे, गादीचे, पायऱ्यांचे फोटो ज्या फोनमध्ये आहेत तो फोन बदलू नका आणि फोटो मूळ स्वरूपात ठेवा. नेब्युलायझरची डॉक्टरांची चिठ्ठी आणि रेस्टॉरंटची बिलं एका फाइलमध्ये लावा. सासूबाईंची तयारी असेल तर त्यांचं दोन पानी शपथपत्र जोडा, त्यांच्याच बोलीत.

प्रश्न : माझीही अशी एक जुनी मेंबरशिप आहे. परवा एका एजन्सीचा फोन आला, "सहा लाखांना गिऱ्हाईक तयार आहे, फक्त ४० हजार ट्रान्सफर फी आधी भरा." माझा मेंबरशिप नंबरही त्यांना माहीत होता. भरू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एक रुपयाही भरू नका. जुन्या मेंबरशिपला सहा लाख देणारं गिऱ्हाईक आणि आधी मागितलेली फी, ही जोडी फसवणुकीची आहे. नंबर माहीत असणं हा विश्वासाचा पुरावा नाही. मेंबरांच्या याद्या बाहेर फिरतात. खरा व्यवहार असेल तर एजन्सी आपलं कमिशन विक्रीच्या रकमेतून कापून घेऊ शकते, तसं त्यांना सांगून पाहा. हस्तांतराचे नियम आणि शुल्क मूळ कंपनीलाच लेखी विचारा. चुकून पैसे गेलेच असतील, तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.