चंद्राचं नाव काय?

प्रश्न: गुरूच्या चंद्रांना आयो, युरोपा, गॅनिमीड अशी नावं आहेत, शनीच्या एकाला टायटन म्हणतात. माझी नऊ वर्षांची मुलगी विचारते, मग आपल्या चंद्राचं नाव काय? 'चंद्र' म्हटलं की म्हणते, 'ते तर सगळ्यांचंच!'

उत्तर: मुलीला सांगा, उधारी उलट्या बाजूची आहे. १६१० साली गॅलिलिओला दुर्बिणीतून गुरूभोवतीचे चार ठिपके दिसले, तोवर चंद्र एकच होता. एकट्याला वेगळं नाव कोण कशाला ठेवेल? नंतर सापडले त्यांनी याचं नाव वापरायला घेतलं.

तरी तिच्या तक्रारीत तथ्य आहे. 'चंद्र' हे मुळात विशेषणच: चमकणारा, झळझळीत. वेदांत सोन्यालाही हा शब्द लावलेला आहे. खरं जुनं नाव 'मास्'. 'मा' म्हणजे मोजणे, या धातूशी त्याचं नातं लावतात. दिवस मोजायचे ते याच्याकडे बघूनच. त्याला विशेषण चिकटून 'चंद्रमस्' झालं, म्हणजे आपला चंद्रमा. मग नाम गळून पडलं आणि विशेषणच मालक होऊन बसलं. बिचारा 'मास्' उरला तो चैत्रमासात आणि पौर्णमासीत. फारसीत 'माह' म्हणजे चंद्रही आणि महिनाही, आपला 'महिना' तिकडूनच आला. इंग्रजीतले मून आणि मंथ याच घरातले. तमिळ-कन्नडचं कूळ वेगळं, पण तिथेही 'तिंगळ', 'तिंगळु' म्हणजे चंद्र आणि महिना दोन्ही. लॅटिन 'लुना' मात्र उजेडावरून पडलेलं नाव. आपल्या 'रुच्' धातूशी त्याचं मूळ एकच.

चंद्रावरून निघालेल्या शब्दांनी मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं आहे. तरुणपणी एका हिंदी कवितेचा अनुवाद करताना मी 'चाँदनी'चं बेधडक 'चांदणी' केलं. हिंदीत ते चांदणं. मराठीत चांदणी म्हणजे तारका. माझ्या अनुवादात एकच चांदणी खिडकीतून आत येऊन अख्ख्या अंथरुणावर पसरली होती! मुद्रितशोधकाने समासात नुसतं लिहिलं, 'भाजेल.'

असो. अमरकोशात चंद्राची २० नावं आहेत. हिमांशु, सुधांशु किरणांवरून; निशापति, क्षपाकर रात्रीवरून. 'अब्ज' म्हणजे पाण्यात जन्मलेला, आणि तेच नाव कमळालाही, त्यामुळे जुनी काव्यं वाचताना संदर्भ बघावा लागतो. 'ग्लौ' हे नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मुलीच्या कामाची नावं डागावरची: मृगांक आणि शशधर. शशी, शशांक ही त्यांचीच भावंडं. ते डाग म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याची काळपट मैदानं. कुणाला त्यांत हरीण दिसलं, कुणाला ससा. चीन-जपानातही ससाच दिसतो. हरीण मला आजवर एकदाही सापडलेलं नाही. ससा मात्र लगेच दिसतो, लांब कानांसकट.

तेव्हा पुढच्या पौर्णिमेला तिला ससा शोधायला लावा. सापडला, तर 'शशी' म्हणू द्या. ते नाव गॅनिमीडला मागता यायचं नाही.