ब्लूममधलं विष आणि शेजारचे बॅक्टेरिया : प्रयोग लावायच्या आधी

अगं, तुझा आराखडा दोनदा वाचला. विषय मस्त घेतलायस, पण पहिल्याच पानावर तू मायक्रोसिस्टिनमुळे (म्हणजे तळ्यावर ब्लूम, हिरवा थर, आणणारे मायक्रोसिस्टिससारखे सायनोबॅक्टेरिया, निळं-हिरवं शेवाळ, जे विष बनवतात त्यामुळे) तळ्यातले बाकीचे बॅक्टेरिया मरतात असं धरूनच पुढे गेलीयस, आणि मला वाटतं सगळा प्रयोग तिथेच वाकडा होणारे.

हे विष आपल्याला का बाधतं ते आधी बघ. सात अमिनो आम्लांचं कडं, यकृताच्या पेशीत ते खास वाहक प्रथिनांमधून शिरतं आणि आत जाऊन प्रोटीन फॉस्फेटेज १ आणि २ए ही एन्झाइम्स बंद पाडतं. १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरूला डायलिसिसच्या पाण्यातून ते थेट रक्तात गेलं आणि कितीतरी पेशंट दगावले, इतकं ते भयंकर आहे. पण बॅक्टेरियांकडे यकृतातले ते वाहक नसतात, त्यामुळे माणसाला जे मारतं ते त्यांनाही मारेलच असं नाही. शुद्ध मायक्रोसिस्टिनचा बॅक्टेरियांवर थेट परिणाम बऱ्याचदा फिकाच दिसतो, आणि ई. कोलायमध्ये बाहेरचं आवरण जरा सैल झाल्याचं दिसलंय ते मरण्यापेक्षा वेगळं आहे.

उलट काही जण ते चक्क खातात! स्फिंगोमोनास आणि त्याच्या भाऊबंदांकडे एमएलआर नावाची जनुकं असतात, त्यातल्या एमएलआरए या जनुकाचं एन्झाइम ते कडं एका जागी तोडतं आणि नुसतं कडं उघडल्यावरच विषारीपणा शंभर पटीहून जास्त उतरतो, मग पुढची एन्झाइम्स उरलेल्याचे तुकडे करतात. मला तर हे सगळ्यात सुंदर वाटतं. म्हणजे विषाने तळ्यातला बॅक्टेरियांचा समाज बदलला तरी तो मारूनच बदलला असं नाही, कुणाला तरी जेवण मिळालं म्हणूनही बदलला असेल.

आता खरी गुंतागुंत. सायनोबॅक्टेरियाच्या जिवंत पेशी हे विष बहुतेक आतच ठेवतात, ते पाण्यात येतं मुख्यतः पेशी फुटल्यावर, म्हणजे ब्लूम कोसळताना, आणि नेमकं तेव्हाच पाण्यात सेंद्रिय कार्बनचा पूर येतो, ऑक्सिजन घसरतो, त्याआधी भर उन्हात पीएच ९ च्या वर गेलेला असतो, शिवाय सायनोपेप्टोलिनसारखे इतर पेप्टाइड्स असतातच. तळ्यातून सॅम्पल आणून बॅक्टेरिया बदलले म्हणालीस तर श्रेय कुणाला देणार?

म्हणून नुसता ब्लूमचा अर्क घालू नकोस, शुद्ध विषाची वेगळी बाटली ठेव, आणि विष मेथॅनॉलमध्ये विरघळवलं असेल तर तेवढंच मेथॅनॉल घातलेली बाटली हवीच हवी. डोस तळ्यात खरोखर सापडतो तेवढा घे. उघड्या पाण्यात विरघळलेलं विष बऱ्याचदा लिटरला काही मायक्रोग्रॅमच असतं, पाण्यावर साचलेल्या शेवाळाच्या सायीतले हजारो मायक्रोग्रॅम बाटलीत ओतून काढलेला निष्कर्ष तळ्याला लागू पडत नाही. मायक्रोसिस्टिसचा पीसीसी ७८०६ हा विष बनवणारा वाण आणि त्याचा विष न बनवणारा म्युटंट मिळाला तर दोन्ही वाढव, पण म्युटंटमध्ये विषाशिवायही बरंच काही बदललेलं असतं हे लक्षात ठेव.

बाटल्या काचेच्या घे, पॉलिप्रॉपिलीनला हे विष चिकटतं आणि मग तुला वाटेल बॅक्टेरियांनी खाल्लं. १६एस मधून (बॅक्टेरिया ओळखायचं जनुक वाचून) कोण किती टक्के एवढंच कळतं, सायनोबॅक्टेरिया वाढले की बाकीचे न घटताही घटल्यासारखे दिसतात, तेव्हा पेशी मोजच.

आणि एक जास्तीचं कर, मला त्याची फार उत्सुकता आहे. दोन तळ्यांचं पाणी घे, एक जिथे ब्लूम नेहमी येतो आणि एक जिथे येत नाही, दोन्हीत तेवढंच विष घाल आणि रोज मोज. ब्लूम नेहमी येतो त्या तळ्यात विष खाणारे आधीच असतील, तर तिथलं विष लवकर संपायला लागायला हवं, दुसऱ्यात आधी काही दिवस काहीच होणार नाही. तसं दिसलं तर दोन्हीकडचा एमएलआरए मोजून मला कळव, मग पुढचा आराखडा एकत्र बसून लिहू.